दुर्गेबाईंचा पांढरा मासा

दुर्गेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या वैनगंगेच्या घाटावर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि आकाशावर चिडल्या होत्या.

मी वरोऱ्याहून नवा कंपाउंडर म्हणून आलो होतो. दवाखान्याला कुलूप होतं. शेजारच्या पानठेल्यावर चौकशी केली तर ठेलेवाला म्हणाला, "नर्सबाई? त्या नदीवर असन. अजून कुठी जाते?" ट्रंक त्याच्याकडे ठेवून मी घाट उतरलो. नर्सचं पांढरं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेली, चाळिशीला टेकलेली एक काळीसावळी, किरकोळ बाई हातात बांबूची काठी धरून वर पाहत होती. मी नाव सांगितलं, हुकमाचा कागद पुढे केला. तिकडे न बघताच त्या म्हणाल्या,

"सकाळपासून तिसऱ्यांदा ढग आला, भाऊ. आला का जाते. आता सांगा, मी काय बांधू? चांदीचा का पितळेचा?"

मला वाटलं, दागिन्याचं काही बोलतायत.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. नदीच्या अलीकडे पलीकडे सगळा चांदा जिल्हाच. आमचा दवाखाना अलीकडच्या काठावर, धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांच्या, कडेला. पलीकडे जंगल आणि जंगलातली गोंडांची गावं. डॉक्टर आठवड्यातून एकदा तालुक्याहून यायचे. एरवी दवाखाना म्हणजे मी आणि दुर्गेबाई. बाळंतपणं सगळी त्यांच्याकडे.

त्यांचे वडील जंगल खात्यातल्या एका गोऱ्या साहेबाच्या कॅम्पवर खानसामा होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा मासे धरायचं सामान खानसाम्याला देऊन गेला. त्यातली दोऱ्याची चरखी आणि एक पत्र्याची पेटी बाईंपर्यंत आली होती. पेटीत गांडूळ नाही, कणिक नाही. नुसते खोटे मासे. काही चमच्याच्या आकाराचे, चांदीचे नाहीतर पितळेचे वाटणारे पत्रे, काही लाकडाचे बोटभर मासे, पोटाखाली गरी लावलेले. पाण्यातून ओढले की खऱ्या माशासारखे वळवळायचे आणि मरळ त्यांच्यावर धावून यायची. जुने झिजले, हरवले, तसे बाईंनी सावरीच्या हलक्या लाकडाचे नवे कोरले आणि रंगवले.

रंग हाच त्यांचा सगळा खटाटोप. लख्ख ऊन आणि नितळ पाणी असेल तर चांदी. ढग आला की पितळ. पाणी गढूळ झालं की पिवळा किंवा केशरी. दिवस मावळताना काळा. काळा का, हे मी एकदा विचारलं. अंधारात काळा मासा दिसणार कोणाला?

"मासा खालून पाहते, भाऊ. आपण वरून पाहतो," त्या म्हणाल्या. "त्याच्या डोक्यावर आभाय राह्यते. आभायाच्या उजेडात काळं लवकर दिसते. तुम्ही एकदा पाण्यात खाली जाऊन वर पाहा, मंग समजन."

पेटीत एक पांढरा मासा होता. त्याला गरीच नव्हती. रोज सकाळी सगळ्यात आधी तो दोऱ्याला बांधून त्या घाटाच्या शेवटच्या पायरीवरून पाण्यात सोडायच्या. हळूहळू खाली जाताना तो कुठे दिसेनासा होतो ते बघायचं. दोऱ्यावर तिथे बोटाने चिमटा धरायचा, वर काढायचा, आपल्या हातावर लावून मापायचं. कधी कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत, पावसाळ्यात कधी नुसती वीतभर. याला त्या "पाणी पाहणं" म्हणायच्या. त्यावरून आजचा रंग ठरायचा.

ठरायचा म्हणजे काय, ठरायचाच नाही. मासे धरणं हा विरंगुळा असतो असं मी ऐकून होतो. बाईंकडे पाहून तसं कधी वाटलं नाही. पायरीवर फडकं पसरून त्या पाच-सहा रंग मांडायच्या. पाण्याकडे बघायच्या, आभाळाकडे बघायच्या, पितळ उचलायच्या, ठेवायच्या, चांदी बांधायच्या, दोनदा फेकायच्या, सोडायच्या. बाजूला आमचा नावाडी फकीराभाऊ जाळं झटकत बसलेला असे. त्याचा डोंगा घाटालाच बांधलेला. तो हसायचा.

"बाई, मासोळी काय लग्नाले चालली का? कोन्ता लुगडा नेसवू, कोन्ता नेसवू!"

"तुमचं बरं हाये फकीराभाऊ. जाळं टाकलं का झालं. जाळ्याले रंग नाई."

"अवो, टाका कोन्तायी. भूक असन त्याले तर खाईन."

"भरवसा नाई," बाई म्हणायच्या.

हा शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असे. एसटीचा भरवसा नाई, घड्याळाचा भरवसा नाई, पावसाचा नाई. उकळायला ठेवलेल्या कात्र्या उकळल्या तरी आणखी उकळायच्या. कपाटाला कुलूप लावून फाटकापर्यंत जायच्या आणि परत येऊन कुलूप ओढून पाहायच्या. माझ्या हातून निघालेली औषधाची पुडी पेशंटच्या हातात जाण्याआधी एकदा नाकाशी धरायच्या. मला सुरुवातीला राग यायचा. पुढे लक्षात आलं की स्वतःच्या हातावरही त्यांचा तसाच पहारा होता.

रंगासाठी आधी त्या दवाखान्यातलीच औषधं वापरायच्या. जखमेवर लावायचं लाल, तोंड आलं की लावायचं जांभळं, भाजल्यावरचं पिवळं. लाकूड त्यात भिजवायचं, वाळवायचं आणि वरून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा हात द्यायचा, म्हणजे पाण्यात रंग सुटत नाही. एका भेटीत डॉक्टरसाहेबांनी खिडकीत वाळत घातलेले तीन जांभळे मासे पाहिले. ते चांगले माणूस होते, ओरडले नाहीत. "बाई, ही बाटली माणसांसाठी आहे," एवढंच म्हणाले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांची गाडी दिसेनाशी व्हायच्या आत त्यांनी सगळे रंगवलेले मासे काढले आणि काचेच्या तुकड्याने खरवडायला बसल्या. मी म्हटलं, "अहो बाई, साहेब विसरले पण असतील."

"ते विसरन. मी कशी विसरू?"

मग रंग जंगलातून आले. पळसाच्या फुलांचा केशरी, हळदीचा पिवळा, आणि काळ्यासाठी बिब्बा. बिब्ब्याने बोटांवर फोड उठले. त्या आठवड्यात बाईंची जी तगमग झाली ती पाहवत नव्हती. फोडांच्या दुखण्याची नव्हे. "आता कोनाले कळा सुरू झाल्या तर? हे हात घेऊन मी आत कशी जाऊ?" असं त्या सारख्या म्हणत होत्या आणि दोन्ही हात अंगापासून दूर धरून फिरत होत्या. त्या आठवड्यात कोणाला कळा आल्या नाहीत. बिब्बा त्यांनी नदीत फेकला आणि पुढे काळ्यासाठी कंदिलाची काजळी वापरली.

गावाला त्यांच्याबद्दल एक तक्रार मात्र होती. बाळंतपण अडलं, लांबलं, की बाई मध्येच उठून नदीवर जायच्या. घरात बाई विव्हळतेय, सासू देवाला हात जोडतेय, आणि नर्सबाई पाणवठ्यावर काठी फिरवतायत. "मासे माराले येते का बाळंतपण कराले?" असं लोक उघड बोलत. एकदा मीच ते त्यांच्या कानावर घातलं. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात. बाई म्हणाल्या,

"तिथी बसलो का हात वळवळते, भाऊ. ओढू वाटते. लेकरू आपल्या वेळेनं येते, त्याले ओढाचं नसते. माही घाई मी नदीत टाकून येतो."

जरा थांबून, माझ्याकडे न पाहता त्यांनी पुढचं सांगितलं. पहिल्या नेमणुकीवर, नवीन असताना, त्यांनी एकदा घाई केली होती. एका पोरीची वार आपसूक पडायची वाट न पाहता ओढली होती. ती पोरगी त्यांच्याच मांडीवर रक्त जाऊन गेली. "सतरा-अठरा वर्साची असन. माह्याच वयाची," एवढं म्हणून त्यांनी पेटी बंद केली. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

त्या वर्षीच्या श्रावणात, एका सकाळी, मी दवाखान्याची दारं उघडत होतो तेव्हा बाई नदीवरून भराभर वर आल्या. आभाळ निरभ्र होतं. आमच्याकडे दोन दिवस पाऊस नव्हता.

"काल पांढरा मासा कोपरापर्यंत दिसत होता," त्या म्हणाल्या. "आज मनगटापर्यंतच. वर कुठीतरी पडून राह्यला पाऊस."

मी मान डोलावली. सकाळची गर्दी होती, हिवतापाचे पेशंट ओट्यावर बसले होते. मी विसरलो. बाई विसरल्या नाहीत. तासाभरात दोनदा घाटावर जाऊन आल्या.

तेवढ्यात पलीकडून डोंगा आला. फकीराभाऊसोबत पेका होता. पेका पलीकडच्या गावचा, तेंदूची पानं आणि डिंक घेऊन आमच्या बाजाराला येणारा, म्हणून ओळखीचा. त्याची बायको जैनी पहिलटकरीण. काल दुपारपासून कळा देत होती. त्यांच्या गावच्या सुईणीने सकाळी सांगितलं होतं की लेकरू पायाळू आहे, पाय आधी येतायत, आणि आता पुढे सरकत नाही.

"बाई, तू चाल," पेका म्हणाला. गोंड माणसं सगळ्यांनाच 'तू' म्हणत. "लवकर चाल."

आम्ही घाटावर आलो. बाईंनी बॅग माझ्या हातात दिली आणि पांढरा मासा पाण्यात सोडला. पेका बघतच राहिला. मासा चार बोटं खाली जाऊन नाहीसा झाला. बाईंनी वर काढला, पुन्हा सोडला. पाणी अजून संथ होतं, पण पायरीच्या कडेने काड्याकचरा आणि पांढरट फेस वाहायला लागला होता.

"फकीराभाऊ?"

फकीराभाऊ त्या दिवशी हसला नाही. "वाढून राह्यलं, बाई. आत्ता नेतो मी. परत आणाचं नाई सांगत. संध्याकाळी आणन का चार दिवसांनी आणन, त्या नदीलेच माहीत."

म्हणजे पलीकडे गेलो की तिकडचेच. काही बिघडलं तर पेशंटला चांद्याला न्यायची सोय नाही, डॉक्टरला निरोप नाही. आणि अलीकडे काही घडलं तर इथे कोणी नाही. मी बाईंकडे पाहिलं. ढग आला तर पितळ की चांदी यावर सकाळ घालवणारी बाई. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, पेकाकडे पाहिलं, "भरवसा नाई," असं पुटपुटल्या आणि लुगडं खोचून डोंग्यात पाय टाकला.

"भाऊ, बॅग घेऊन या. खाली बसा. उभे राहू नोका."

तो प्रवास मला अजून आठवतो. डोंगा म्हणजे एका झाडाचं कोरलेलं खोड, हलला की पाणी काठाशी येतं. मध्यावर गेल्यावर आवाज बदलला. वरून एक अख्खं झाड मुळांसकट फिरत येत होतं. फकीराभाऊ ओरडला, "वाका, वाका!" त्याने वल्हं रोवलं, पेकाने हातांनीच पाणी मारलं, आणि झाडाच्या फांद्या आमच्या मागून, हात लावता येईल एवढ्या जवळून गेल्या. बाईंनी दोन्ही हातांनी माझ्या मांडीवरची बॅग दाबून धरली होती. डोळे मिटलेले होते.

पेकाच्या झोपडीत त्या शिरल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. मी अंगणात चुलीवर पाणी उकळत होतो. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"एक पाय आला. दुसरा येईन. कंबर येऊ द्या लागन तिच्या जोरानं. आता काही कराचं नाई."

असं म्हणून त्यांनी बॅगच्या कप्प्यातून पेटी काढली आणि नदीच्या दिशेने निघाल्या. काठी नव्हती, नुसता लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला दोरा. पेका धावत त्यांच्या पुढे आला.

"काऊन आली तू? मासे माराले आली? ते मरून राह्यली आत!"

बाईंनी त्याच्यासमोर दोन्ही हात धरले. ते थरथरत होते. वाऱ्यात पान हलावं तसे.

"हे पाह्य, पेका. हे हात आत नेऊ का? सांग. तू म्हणशीन तर नेतो."

पेका त्या हातांकडे बघत राहिला. मग बाजूला झाला.

नदी आता लाल-करडी झाली होती. बाई पेटी उघडून बसल्या. पिवळा काढला, पळसाचा केशरी काढला, दोन्ही तळहातावर ठेवून पाण्याजवळ नेले, पाहिलं, केशरी ठेवून दिला. गाठ मारायला गेल्या तर दोरा गरीच्या नाकात जाईना. "भाऊ, तुम्ही बांधा," म्हणाल्या. मी बांधला. त्यांनी पिवळा मासा काठालगतच्या संथ पाण्यात टाकला, हळू ओढला. परत टाकला, ओढला. झोपडीतून आवाज येत होता आणि त्या आवाजाने बाईंची मान दरवेळी ताठ होई, पण दोरा मात्र सारख्या चालीने येत होता. मला ओरडावंसं वाटत होतं. सुईण दारात येऊन गोंडीत काहीतरी म्हणाली. बाईंनी दोरा तसाच पाण्यात सोडला, उठल्या, उकळून ठेवलेल्या पाण्याने हात चोळून चोळून धुतले आणि आत गेल्या. जाताना मी हातांकडे पाहिलं. ते स्थिर होते.

पुढचं सगळं मी बाहेरून ऐकलं. बाईंचा आवाज मी कधी एवढा खालच्या पट्टीत ऐकला नव्हता. "जोर नोको, बाई. थांब. थांब. आता दे." मग सुईणीचा आवाज. मग काहीच नाही. पेका दाराशी उकिडवा बसून मातीत बोटं रुतवत होता. ती शांतता फार लांबली. मग थापटल्याचा आवाज, पुन्हा थापटल्याचा, आणि मांजरीच्या पिल्लासारखं एक बारीक रडणं. पेका उठला नाही. त्याने तिथेच कपाळ जमिनीला लावलं.

थोड्या वेळाने बाई लेकराला फडक्यात घेऊन बाहेर आल्या. मुलगा होता. मला वाटलं आता तरी हसतील. त्या पेकासमोर बसल्या आणि म्हणाल्या,

"पेका, आयक. याचा हात डोक्यामागं अटकला होता. सोडवताना दंडाचं हाड मोडलं. माह्या हातानं मोडलं. जैनी बरी हाये. हाड जुडन, लहान लेकराचं लवकर जुडते. पन मी तुले सांगून राह्यलो, लपवून नाई ठेवत."

पेकाने लेकराच्या तोंडाकडे पाहिलं. "रडते ना?" त्याने विचारलं.

"रडते."

"मंग ठीक," तो म्हणाला.

बाईंना ते ठीक नव्हतं. लेकराचा दंड त्यांनी पट्टीने छातीशी बांधला होता. पुराने आम्हाला तिथेच अडकवलं. त्या मुक्कामात त्या दर घटकेला पट्टी सैल आहे का, घट्ट आहे का, बोटं गार तर नाहीत ना, हे पाहत होत्या. संध्याकाळी दिवस कलताना पाण्याखाली गेलेल्या बांध्यांच्या कडेला काळा मासा घेऊन उभ्या राहायच्या. एका संध्याकाळी चांगली हातभर मरळ लागली. पेकाच्या आईने हळद-मिरचीत तिचा रस्सा केला, जैनीला आधी वाढला. बाईंनी एक घास खाल्ला आणि उठून पुन्हा पट्टी पाहायला गेल्या.

नदी उतरल्यावर आम्ही अलीकडे आलो. पुढे पावसाळा संपेपर्यंत दर बाजाराच्या दिवशी बाई फकीराभाऊच्या डोंग्यातून पलीकडे जात राहिल्या. आधी पांढरा मासा सोडायच्या, मग जायच्या. परत आल्या की मी विचारायचो. "हलवते. पन खांद्याच्या वर नेत नाई." पुढच्या वेळी, "नेते. पन डाव्यापरीस हळू." हाड जुळलं होतं, जराशी गाठ राहिली होती. दिवाळीच्या सुमारास जैनीच पोराला कडेवर घेऊन बाजारात आली. पोराने त्या हाताने बाईंच्या गळ्यातली काळी पोत अशी धरली की सोडवता सोडवेना. जैनी हसून हसून लाल झाली. बाईंनी पोराची मूठ उघडून पाहिली, दंड चाचपला आणि मला हळूच म्हणाल्या, "पकड चांगली हाये. पन अजून भरवसा नाई."

दोन-तीन वर्षांनी त्यांच्या बदलीचा हुकूम आला, सिरोंच्याकडे. निघायच्या दिवशी सकाळच्या एसटीवर मी त्यांना पोचवायला गेलो. फकीराभाऊने त्यांची वळकटी टपावर चढवली. बाई खिडकीशी बसल्या आणि वळकटी नीट बांधली आहे का ते फकीराभाऊला तीनदा विचारलं. एसटीचा ड्रायव्हर नागपूरकडचा, तोंडाचा फटकळ. मागून कोणी पळत आलं तरी थांबत नाही अशी त्याची ख्याती.

गाडी सुटली, कोपऱ्यावरच्या मोहाच्या झाडापर्यंत गेली असेल. बांध्यांमधून एक माणूस दोन्ही हात वर करून चिखलातून धावत आला. तो आमच्या गावचा नव्हता, मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने गाडीच्या पुढेच उभं राहून धापा टाकत घरात बाळंतपण अडल्याचं सांगितलं. मी तिथवर पोचलो तोवर बाई बॅग घेऊन खाली उतरल्या होत्या.

"बाई, किती वेळ लागणार?" ड्रायव्हर वरून ओरडला. "माझी पुढची फेरी चुकेल!"

"सांगता येत नाई, भाऊ. तुम्ही जा. माही वळकटी पुढच्या नाक्यावर टाकून द्या."

त्या माणसामागे त्या चालू लागल्या. ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून त्यांच्या पाठीकडे बघत होता. गाडीतलं कोणीतरी म्हणालं, "चला ना आता." मग ड्रायव्हरने हात पुढे करून इंजिन बंद केलं. खाली उतरला, विडी पेटवली आणि मोहाच्या मुळावर बसला. एकेक करून बाकीची माणसंही उतरली आणि सावलीला बसली.

दवाखाना उघडायची वेळ होऊन गेली होती, मला परतावं लागलं. वळणावरून मी मागे पाहिलं. हिरव्यागार बांध्यांच्या मधल्या धुऱ्यावरून ती किरकोळ बाई लुगडं खोचून झपाझप चालली होती, इतकी की बोलवायला आलेला माणूस मागे पडला होता. रस्त्यावर एसटी दारं उघडी टाकून उभी होती.